काळजी आणि कुंपण

“पोरीच्या जातीले दगडं फोडाचं शिक्षन कायले?” धर्मग्रामातील एका वडिलांनी आम्हांस हा प्रश्न केला तेव्हा त्यांच्या स्वरात तुच्छता नव्हती, होती ती काळजी. मुलीला बारावीनंतर अमरावतीस भूशास्त्र शिकायचे होते. रानोमाळ भटकंती, हातात हातोडा, सोबतीस परकी मुले! बापाचे मन धास्तावले तर नवल नाही. आम्हीही क्षणभर निरुत्तर झालो. काळजी ही प्रेमापोटीच जन्मते. पण तिचे कुंपण केव्हा होते, हे करणाऱ्यास सहसा कळत नाही.

कायद्याचेच पाहावे. १९५२ च्या खाण कायद्यातील ४६ व्या कलमाने स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करण्यास मनाई केली, आणि जमिनीवरील कामही सकाळी ६ ते सायंकाळी ७ एवढेच ठेवले. हेतू वाईट नव्हता. परंतु ज्या नियमाने मजूर स्त्रीला राखले, त्यानेच शिकलेल्या भूशास्त्रज्ञ स्त्रीचीही वाट अडवली. लेखी संमती व सुरक्षिततेच्या अटी घालून तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांसाठी ती वाट खुली झाली २०१९ च्या जानेवारीत! दरम्यान, १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर पोहोचल्या होत्या. सोबत होत्या नागपुरात जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अदिती पंत. सेनगुप्तांना १९९१ साली भटनागर पुरस्कारही लाभला. म्हणजे भारतीय स्त्री त्या हिमखंडावरील खडक तपासू शकत होती. मायदेशी भूमिगत खाणीत नोकरीसाठी मात्र उतरू शकत नव्हती.

इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर-अकोटकडील कितीतरी विहिरींचे पाणी मचूळ. गाळाचे जाड थर, त्यांत साठलेले क्षार, निचरा होऊ न देणारी चिकण माती, हा सारा भूशास्त्राचाच प्रांत. गोड्या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पायपीट केली ती बायकांनी. डोईवर हंडा घेऊन ती रानातून चालली तेव्हा तिच्या जातीची चिंता कोणास पडली नाही. तिच्या लेकीने हातोडा उचलताच ती पडते. हे कोडे आम्हांस उलगडत नाही.

भीती खोटी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दाखल्यातील ज्या चाकराने मालकाचे धन जमिनीत पुरून ठेवले, तोही भ्यालाच होता आणि त्याने एक कवडीही हरवली नव्हती. तरीही त्याला बोल लागला. मुलींसाठी वसतिगृह, विश्वासाची सोबत, वडीलधाऱ्यांची विचारपूस यांची तजवीज करणे कठीण; त्यामानाने ‘नको’ म्हणणे फारच स्वस्त.

आमचे हे सारे पुराण त्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “त्या वर्गात बाकी पोरी किती हायेत?” आम्हांस ठाऊक नव्हते. चौकशी करून रविवारी सांगतो, असे कबूल करून आम्ही उठलो.