हाडाला जात विचारून बघा

मुखेडच्या विहारात अभ्यासवर्ग चालला होता. विषय होता प्रतीत्यसमुत्पाद. मधेच एक पोरगं उठलं. म्हणालं, "दादा, आपलं रक्त मूळचं आन् त्यांचं बाहेरचं, हे तर आता विज्ञानानंच सिद्ध केलंय. मग आपली लढाई सोपीच झाली की!" टाळ्या पडल्या. मीही मान हलवली. हो म्हणालो.

ते 'हो' मला रात्रभर डाचत राहिलं. ते परत घ्यायचं म्हणून हे लिहितोय.

आधी विज्ञान काय म्हणतं ते बघू. आपली लेंडी नदी मांजरेला मिळते. त्याच मांजरेच्या काठी, लातूर जिल्ह्यात हरवाडीजवळच्या गाळात, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्तीची आणि पाणघोड्याची दगड झालेली हाडं सापडली. पाणघोडा! आज तो आफ्रिकेत आहे. एके काळी आपल्या नदीत डुंबत होता. म्हणजे ही सृष्टी कुणी एका दिवशी घडवून तशीच ठेवलेली नाही. जीव येतात, बदलतात, नाहीसे होतात. पुढं नर्मदेकाठी हथनोऱ्याला 1982 साली अरुण सोनकिया यांना माणसाच्या जुन्या जातकुळीची कवटी मिळाली. आजच्या माणसासारखी, पण आजच्या माणसाची नव्हे. इथिओपियात 1974 साली 'ल्यूसी' सापडली. 32 लाख वर्षांपूर्वीची. दोन पायांवर चालणारी, पण मेंदू लहान.

कुणी म्हणेल, हाडं मुकी असतात. मग जनुकं बघा. शेळीला लिंबू-आवळा लागत नाही, ती 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करते. आपल्याला ते जमत नाही. ते करणारं जनुक आपल्यात आहे, पण मोडलेलं. चिंपांझीत, गोरिलात, माकडातही ते मोडलेलंच आहे, आणि मोडतोडीच्या खुणाही जुळतात. आपला हा अंक स्टेन्सिलवर निघतो. स्टेन्सिल कापताना एक अक्षर चुकलं की सगळ्या प्रतींत तीच चूक. एक प्रत मुखेडला सापडली, एक उदगीरला, आणि दोन्हींत तीच चूक दिसली, तर त्या एकाच स्टेन्सिलच्या हे सांगायला ब्रह्मदेव लागत नाही. आणखी एक. चिंपांझीची गुणसूत्रं 48, आपली 46. आपलं दुसरं गुणसूत्र दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडून झालंय. जोडाची खूण आजही त्याच्या पोटात दिसते.

आता सांगा, या स्टेन्सिलमध्ये मुख कुठं, बाहू कुठं, मांडी कुठं आणि पाय कुठं?

म्हणून तर काहींच्या पोटात दुखतं. जानेवारी 2018 मध्ये आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादेत, त्या वेळचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठं सांगितलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी त्याचा निषेध केला. तरी 2023 च्या दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच. माकड पूर्वज म्हटलं की यांचा अपमान होतो. महाडच्या तळ्यावर जनावरं पाणी प्यायची, आमची माणसं पिऊ शकत नव्हती. तेव्हा अपमान कुणाचा झाला?

इथवर सोपं आहे. इथवर आपण सगळे टाळ्या वाजवू. पुढचं आपल्याला बोचणारं आहे.

2001 साली एक अभ्यास आला. वरच्या जातींत युरोपियनांशी जवळीक जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्यातल्या काहींनी तो डोक्यावर घेतला. पण 2013 साली हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या लोकांनी मिळून जास्त खोल तपासलं. सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात इथं प्रचंड सरमिसळ झाली. भिल्लांत आणि चांभारांतही ती दिसते. प्रमाण कमीजास्त, पण दोन्ही प्रवाह सगळ्यांत. मग ती सरमिसळ थांबली. बेटीव्यवहार बंद झाला. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियात काय मांडलं होतं? जातीचं मर्म म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. रक्ताच्या तपासणीला ते दिसायला 97 वर्षं लागली.

म्हणजे शुद्ध रक्त त्यांचं नाही, तसं आपलंही नाही. 'मूळचं रक्त' म्हणताना आपण मनूचाच तराजू उचलतो, फक्त पारडी बदलतो. 1948 च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी नाकांची मोजमापं तपासली ती ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे दाखवायला. आपलं नाक श्रेष्ठ ठरवायला नव्हे.

आणि शेवटचा प्रश्न. समजा उद्या कुणी प्रयोगशाळेतून उलटा कागद आणला. म्हणाला, तुमचं जनुक वेगळं निघालं. मग काय करायचं? माणुसकी परत करायची? 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्यातून ओंजळ भरली तेव्हा रक्त तपासून घेतलं नव्हतं. 1936 मध्ये तर त्यांनी साफ मांडलं की माणसं सगळ्या बाबतींत सारखी नसतील, तरी समता हेच तत्त्व धरून चालावं लागेल. समता शोधून सापडत नाही. ती ठरवावी लागते.

मग हाडं आणि जनुकं कशाला अभ्यासायची? खोटं उघडं पाडायला. जन्माच्या नावानं ज्यांनी हजारो वर्षं खोटा दस्तऐवज चालवला, त्यांच्याविरुद्ध ही पक्की साक्ष आहे. पण निवाडा साक्षीदार देत नसतो. तो आपल्याला द्यायचाय, आणि वागून दाखवायचाय. आपल्यातल्या पोटजातींपासूनच सुरुवात करू. आपल्या पोरापोरींची लग्नं जमवताना आपण काय विचारतो, ते ज्यानं त्यानं आठवावं.

पुढच्या अभ्यासवर्गाला त्या पोराला मी सांगणार आहे: बाबा, मी चुकलो. आपली लढाई सोपी झालेली नाही. पण खरी झाली.

जयभीम.