ताटी लावायला जागा

लोकांच्या टोचून बोलण्याने ज्ञानेश्वर एकदा दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभे राहून त्यांची समजूत काढली. तेच ताटीचे अभंग. बहिणीच्या शहाणपणाचे कौतुक आपण सात शतके करत आलो. पण भावाला रुसून बसायला आधी एक आडोसा मिळाला होता, हेही त्या कथेतच आहे.

25 मार्च 2020 पासून, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुंबईत माहीमच्या चाळींत नेमका हा आडोसाच उरला नाही. एका खोलीत सासू-सासरे, नवरा-बायको, शिकणारी मुले. एरवी अशी घरे चालतात ती बाहेरच्या जिवावर. कोणी रात्रपाळीला, म्हातारे कट्ट्यावर, मुले गल्लीत. एक उठून गेला की दुसऱ्याला पाठ टेकता येते. लोकल बंद झाली आणि बायकांच्या डब्यातला तासाभराचा मोकळेपणाही गेला. रुळांपलीकडे धारावीत 1 एप्रिलला पहिला रुग्ण सापडला. मग चाळीच्या सामाईक संडासापर्यंत जायचीही धास्ती वाटू लागली.

अशा घरात भांडणे झाली, तर ती माया कमी पडली म्हणून झाली का? आपले संस्कार पटकन ‘हो’ म्हणतात: सोसायला शिका, आपलीच माणसे आहेत. हे उत्तर अन्यायाचे आहे. गृहस्थाश्रमाला सगळ्या आश्रमांचा आधार म्हणणाऱ्या परंपरेनेच गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले, आणि त्यांत अतिथीचा मान आहे. दारात परका माणूस आल्याशिवाय घराचा धर्म पुरा होत नाही, असे मानणाऱ्यांनी चार भिंतींत पुरे पडणारे कुटुंब कधी कल्पिलेच नव्हते.

माहीममध्ये तर हे बाहेर फार जवळ होते. सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना होते. रांगेत सगळ्या धर्मांची माणसे असतात. मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यात संताच्या शेजारी त्यांच्या आईचीही कबर आहे. आईने पाणी मागितले, ते आणेपर्यंत तिला झोप लागली, म्हणून मुलगा पेला घेऊन रात्रभर उभा राहिला, अशी त्यांची आख्यायिका. आणि शितळादेवी तर देवीच्या रोगात धाव घ्यायची देवता. या साथीत तिचेही दार बंद झाले. ते बंद करणे योग्यच होते. गर्दीने माणसे मेली असती. पण सुनेला ‘देवळात जाऊन येते’ असे म्हणून उंबरा ओलांडता येई, घरातले गाऱ्हाणे घराबाहेरच्या कोणाला तरी सांगता येई, ते थांबले.

एकांताची वाटणी आपल्याकडे पहिल्यापासूनच विषम आहे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत आणि त्यांची बायको जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढे, असे परंपरा सांगते. जिजाईने कुठे जाऊन बसावे, हे तिला कोणी विचारले नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होती, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. हा हिशेब टाळेबंदीच्या आधीचा. नंतर तर सगळे घर चारी ठाव जेवायला घरातच होते.

जिथे मारहाण होती, तिथे बंद दार म्हणजे कैद होती. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल 2020 मध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला. मारणारा त्याच खोलीत बसलेला असताना फोनवर बोलायचे कसे? त्या बाईला सोसण्याचा उपदेश करणाऱ्या धर्माने आधी तिला बाहेर पडायची वाट दाखवावी.

ऑक्टोबर 2020 मध्ये देवळे उघडण्यावरून राज्यपाल कोश्यारी आणि मुख्यमंत्री ठाकरे यांच्यात पत्रापत्री झाली. वाद रंगला तो हिंदुत्वावर. 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, प्रार्थनास्थळे उघडली. त्या वादात देवाचा हक्क निघाला, भक्ताचा निघाला, पक्षांचा तर निघालाच. दुपारी भांडी आवरून अर्धा तास एकटे बसायला देवळाची पायरी शोधणाऱ्या बाईचा हक्क मात्र कोणाच्याच पत्रात नव्हता.