पुरावा कोणाच्या कपाटात?

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातल्या दहाव्या कलमाला एक परंतुक आहे. कामगाराने नोकरी सोडली आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्या धंद्यातल्या आजाराची लक्षणे दिसली, तर ती ज्या दिवशी पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा दिवस धरावा, असे ते सांगते. वरवर पाहता हे उदार आहे. पण अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात शिरल्यापासून अ‍ॅस्बेस्टॉसिसची धाप लागेपर्यंत सहसा पंधरा-वीस वर्षे जातात, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. कायदा दोन वर्षे मोजतो, आजार दोन पिढ्या मोजतो. उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना त्याच कलमात आहे, पण 'पुरेसे कारण' दाखवल्यावर. म्हणजे साठी ओलांडलेल्या माणसाने आधी उशिराबद्दल गयावया करायची आणि मग आजाराबद्दल बोलायचे. तो जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला असला, तरी आज धापा टाकणारी माणसे त्याच्याच अमलात राबलेली आहेत.

जबलपुरातल्या मराठी माणसाला कटनी ठाऊक असते ती गाडी बदलण्याचे जंक्शन म्हणून. तिथून पुढे कैमूर आहे. एसीसीच्या सिमेंटसाठी ते नाव देशभर गेले, पण १९३० च्या दशकापासून तिथे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रेही बनत आले. सुरुवातीला त्यामागे इंग्लंडची टर्नर अँड न्यूवॉल होती, १९८९ नंतर बेल्जियमच्या एटर्निट गटाचा हिस्सा आला. १९९८ साली कटनी वेगळा होईपर्यंत हे सगळे जबलपूर जिल्ह्यातच मोडत होते. कारखान्याचा टाकाऊ माल गावालगतच्या जमिनीवर पसरला आहे, हे आपल्याला नीट दाखवले ते डॅनियल लाम्बो या बेल्जियन दिग्दर्शकाने. २०१८ च्या 'ब्रेथलेस' या माहितीपटात तो आपल्या कापेले-ओप-देन-बोस या गावातल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या मृत्यूंचा माग काढत कैमूरला येऊन पोचतो. बेल्जियमने २००७ मध्येच अ‍ॅस्बेस्टॉसग्रस्तांसाठी वेगळा निधी उभारला होता, आणि कारखान्याशेजारी राहून मेसोथेलिओमा झालेल्यालाही त्यातून पैसे मिळतात. कैमूरच्या रहिवाशाला असे दार नाही. तो कधी कामगार नव्हता, त्यामुळे भरपाईच्या कायद्यात त्याचा उल्लेखच नाही.

अशा दाव्याला दोन प्रकारचे पुरावे लागतात. आजार आहे याचा एक, आणि त्या तंतूंशी संबंध आला होता याचा दुसरा. बहुतेकांचा समज असा की वैद्यकीय पुरावा अवघड आणि कामाचा पुरावा सोपा. प्रत्यक्षात उलटे आहे.

वैद्यकीय बाजूला पद्धत तरी ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने छातीच्या एक्स-रेसाठी प्रमाण फिल्मांचा एक संच तयार केला आहे. कामगाराची फिल्म प्रकाशपेटीवर लावायची, शेजारी प्रमाण फिल्म ठेवायची, आणि सावल्यांची दाटी बारा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर लिहायची. अ‍ॅस्बेस्टॉसिसच्या सावल्या बहुधा दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी, वेड्यावाकड्या रेघांसारख्या असतात. वाचणाऱ्याने १/० लिहिले तर अर्थ असा, की आजाराची पहिली श्रेणी आहे असे ठरवले, पण नसेल असाही गंभीर विचार केला. ०/१ लिहिले तर उलट, श्रेणी शून्य ठरवली पण एकचा विचार मनात आला होता. या दोन आकड्यांत डोळ्याला दिसणारा फरक केसभर, आणि दाव्याच्या दृष्टीने तो होय आणि नाही इतका. म्हणून त्याच्या जोडीला श्वासाची चाचणी, छातीचे बारीक काप दाखवणारे सीटी स्कॅन आणि पाठीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर खोल श्वासाच्या शेवटी येणारा चरचर आवाज यांचाही विचार होतो. फुप्फुसाच्या आवरणावरचे घट्ट चट्टे दिसले तर प्रश्न बराच सुटतो, कारण दोन्ही बाजूंना असे चट्टे अ‍ॅस्बेस्टॉसखेरीज क्वचितच होतात.

अडचण यंत्रात नाही, ते लावायचे कोणाला सुचते यात आहे. आपल्याकडे खोकला, धाप आणि वजन घटलेला मजूर समोर आला की डॉक्टरच्या तोंडी पहिला शब्द टीबीचा. क्षयाचे डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात, अ‍ॅस्बेस्टॉसिसचे तळाशी. तरीही सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. कागदावर एकदा 'क्षय' लिहिला गेला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच शब्द उतरवून घेतो, आणि दाव्याच्या वेळी मालकाचा वकील नेमका तोच कागद काढतो. कुठे काम करत होता, हा प्रश्न त्या केसपेपरवर सहसा नसतो. एवढा एक रकाना असता तरी अनेक फाइलींचे नशीब बदलले असते.

मुंबईत घाटकोपरला याची पारख झाली. हिंदुस्तान कंपोझिट्स, म्हणजे पूर्वीची हिंदुस्तान फेरोडो, इथे गाड्यांच्या ब्रेकची अस्तरे बनत. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तिथल्या कायम कामगारांना तपासले. २००५ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधानुसार तपासलेल्या १८१ जणांपैकी सुमारे २२ टक्क्यांना अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. त्याच निबंधात एक विलक्षण आकडा आहे: देशात अंदाजे एक लाख कामगारांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला असताना तोवर भरपाई मिळालेले तिसाच्या आत. कारणे देताना लेखकांनी आपल्याच व्यवसायाला सोडले नाही. व्यवस्थापनाने करवलेल्या पाहण्या प्रमाणपत्र देत नाहीत, डॉक्टरांना या आजारांचे शिक्षण नाही, आणि काही जण जाणूनबुजून टीबी किंवा जुनाट ब्राँकायटिस लिहितात. शिवाय मध्यमवर्गीय डॉक्टरांच्या मनात कामगाराबद्दल अढी असते. वैद्यकीय नियतकालिकात वर्गीय पूर्वग्रह हे कारण म्हणून लिहायला धैर्य लागते.

पण घाटकोपरचे ते लोक कायम कामगार होते. त्यांच्याकडे हजेरी होती, विमा क्रमांक होता, संघटना होती. आता जबलपुरातल्या गोहलपुरसारख्या वस्तीचा विचार करा. अशा दाटीच्या भागात पन्हाळी सिमेंटचे पत्रे बसवणारा माणूस ग्राइंडरने पत्रा कापतो तेव्हा पांढरा धुरळा त्याच्या भुवयांवर बसतो. तोंडावर गमछा असतो, तोही असला तर. गॅरेजमधला पोरगा ब्रेकचा ड्रम उघडून आतली भुकटी फुंकरीने उडवतो. जुनी अस्तरे अ‍ॅस्बेस्टॉसची असली, तर ती भुकटी साधी धूळ नव्हे. या दोघांचा मालक कोण? आज हा ठेकेदार, परवा दुसरा. मस्टर नाही, पगाराची चिठ्ठी नाही, पीएफ नाही. तीस वर्षांनी त्याला आजार झाला आणि त्याने तो उत्तम सिद्धही केला, तरी तो कोणामुळे, याचे उत्तर कागदात कुठेही सापडणार नाही.

त्यात गोहलपुरची बिडी. जबलपूर हे बिडीचे जुने केंद्र, आणि या वस्तीत बिड्या वळल्याही जातात आणि ओढल्याही. 'तुम्ही बिडी ओढता ना?' या एका प्रश्नावर दावा ढेपाळतो. खरे तर विज्ञान इथे कामगाराच्या बाजूने आहे. १९७९ साली हॅमंड, सेलिकॉफ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांचा हिशेब मांडला. दोन्हींपासून दूर असलेल्या माणसाच्या तुलनेत नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याची शक्यता सुमारे पाचपट, नुसत्या धूम्रपानाने अकरापट, आणि दोन्ही एकत्र आले की त्रेपन्नपट. बिडी ओढणाऱ्याला अ‍ॅस्बेस्टॉस अधिक मारतो, म्हणजे मालकाची जबाबदारी घटत नाही, उलट दाट होते. आणि मेसोथेलिओमाशी तर तंबाखूचा संबंधच नाही. हे वकिलांनी न्यायाधिकरणात मांडायला हवे, पण ते मांडले जाते किती वेळा?

एकाहून अधिक मालकांचा प्रश्न इंग्लंडमध्येही आला होता. २००२ च्या फेअरचाइल्ड खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवले, की अनेक मालकांनी एकाच माणसाला धुळीत काम करायला लावले असेल, तर नेमका कोणाचा तंतू घातक ठरला हे त्याने सिद्ध करण्याची गरज नाही. धोका वाढवणारा प्रत्येक जण जबाबदार. विज्ञान ज्याचे उत्तर देऊ शकत नाही, त्या प्रश्नाचा भार आजाऱ्यावर टाकायचा नाही, असा तो साधा न्याय. मालक किंवा त्याची विमा कंपनी सापडतच नसेल, तर त्यासाठीही तिथे २०१४ मध्ये विमा कंपन्यांच्या वर्गणीतून निधी झाला.

असे आपल्याकडे जमणार नाही असे कोणी म्हणेल, तर मध्य प्रदेशातच उत्तर आहे. झाबुआ-अलीराजपूरकडचे आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा आणि बालासिनोरच्या क्वार्ट्झ दळण्याच्या गिरण्यांत जाऊन सिलिकोसिस घेऊन परतले. गिरण्यांच्या दफ्तरात त्यांची नावे नव्हती. गावोगाव फिरून लोकांनीच याद्या केल्या, तपासण्या झाल्या, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये मृत २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख द्यावेत असे गुजरातला सांगितले. राज्याने हरकती घेतल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे द्यायला लावले. राजस्थानने २०१९ मध्ये धोरणच केले, की मंडळाने आजार प्रमाणित केला की मदत मिळेल, मालक शोधत बसायचे नाही. रक्कम तुटपुंजी आहे हे खरे, पण पुराव्याचा पहिला चढ तरी गेला.

तरीही मदत आणि भरपाई एक नव्हे. मालकाला न विचारता सरकारने पैसे वाटले, तर धूळ करणारा मोकळा राहतो. आणि कागदांअभावी भरपाई कशी अडते, हे भोपाळच्या वायुदुर्घटनेने दाखवले. तिथे जखमींपैकी बहुसंख्यांच्या नावापुढे 'तात्पुरती इजा' असे लागले, कारण फाइलीत पुरेसे वैद्यकीय कागद नव्हते, आणि ते का नव्हते हे विचारण्याचे काम कोणाचेच नव्हते. दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात ४१-सी हे कलम आले. धोकादायक प्रक्रियेत राबणाऱ्यांची आरोग्य-नोंद ठेवायची आणि ती कामगाराला पाहू द्यायची, हे बंधन मालकावर आले. म्हणजे नोंद बनवणारा, ठेवणारा आणि तिच्यामुळे अडचणीत येणारा पक्ष एकच. स्वतःविरुद्धचा पुरावा कोण जपून ठेवील?

सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले होते. २७ जानेवारी १९९५ रोजी ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो असे म्हटले, आणि अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना बजावले की प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवावी. न्यायाधीशांना आजाराचे घड्याळ कळले होते, हे त्या चाळीस आकड्यातून दिसते. पण नोंद गहाळ झाली तर काय, हे मात्र तेवढ्या स्पष्टपणे बांधलेले नाही.

माझे म्हणणे तेवढेच आहे. ठरलेली नोंद मालकाने हजर केली नाही, तर कामगाराने शपथेवर सांगितलेले काम, खाते आणि वर्षे खरी धरावीत, सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे, आणि उलटे सिद्ध करण्याचा भार मालकावर यावा. पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा साक्षीपुराव्याच्या आपल्या कायद्यात जुनीच आहे. भरपाईच्या दाव्यात तिचा वापर सवयीचा व्हायला हवा. ठेकेदारी मजुरासाठी मात्र यानेही भागणार नाही, त्याला राजस्थानसारखेच मंडळ लागेल, आणि निधी पत्रे विकणाऱ्यांकडून यावा.

१९९५ च्या निकालाच्या वर्षी भरती झालेल्या कामगाराची नोंद, तो आजही नोकरीत असला किंवा नसला, किमान २०३५ पर्यंत कारखान्यात असायला हवी. कारखाने निरीक्षकाने ती कपाटे उघडायला लावावीत, यासाठी नवा कायदा लागत नाही.