कॅलोमेल: लाळ सुटली म्हणजे गुण आला?

परीक्षानळीच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या, जड साक्यावर अमोनियाचे दोन थेंब सोडले की तो डोळ्यांदेखत काळा पडतो. क्षारांचं विश्लेषण शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ही खूण पाठ केली. हा साका म्हणजे मर्क्युरस क्लोराइड, अर्थात कॅलोमेल. त्याला चव जवळजवळ नाही आणि तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून जालीम विष असलेल्या मर्क्युरिक क्लोराइडच्या तुलनेत तो सौम्य समजला गेला, आणि युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तो बिनघोर पोटात द्यायला सुरुवात केली.

1793 साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. शहराची वस्ती सुमारे पन्नास हजार, त्यातले पाचेक हजार दगावले. ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉ. बेंजामिन रश मात्र तिथेच राहिले, घरोघरी फिरले, स्वतः आजारी पडले. त्यांचा उपाय होता भरपूर रक्त काढायचं आणि दहा ग्रेन, म्हणजे साडेसहाशे मिलिग्रॅम कॅलोमेल जॅलप या रेचक मुळीच्या पुडीबरोबर द्यायचं, तेही पुनःपुन्हा. स्वतःच्या दुखण्यावरही त्यांनी हेच उपचार करून घेतले. रश यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि ही गोष्ट महत्त्वाची वाटते ती त्यामुळेच.

मग चुकलं कुठे? कॅलोमेल घेतलं की शरीर गप्प बसत नाही. जुलाब होतात, तेही गडद हिरवे. ते पाहून यकृतातलं साचलेलं पित्त मोकळं झालं असं डॉक्टर म्हणत. मात्रा वाढली की हिरड्या सुजतात, तोंडाला घाण येते, लाळेची धार लागते. ही पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणं. पण लाळ सुटणं हीच औषध अंगी लागल्याची खूण मानली जाई आणि ती दिसेपर्यंत मात्रा वाढवत नेत. रोगी जगला तर श्रेय औषधाला. मेला तर रोगच जबर होता, किंवा औषध उशिरा मिळालं. अशा हिशेबात औषध हरण्याची सोयच नव्हती.

अमेरिकन यादवी युद्धात केंद्रीय सैन्याचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांच्याकडे कॅलोमेलमुळे तोंडात गँग्रीन झालेल्या सैनिकांचे अहवाल येऊ लागले. मे 1863 मध्ये त्यांनी लष्कराच्या औषधांच्या यादीतून कॅलोमेल काढून टाकलं. डॉक्टर खवळले. आपल्या पिढीजात विद्येचा हा अपमान आहे, असं त्यांना वाटलं. पुढल्या वर्षी हॅमंड यांच्यावर लष्करी खटला चालला आणि त्यांना बडतर्फ केलं गेलं. आरोप खरेदीतल्या गैरव्यवहाराचे होते, पण कॅलोमेलने जोडलेले शत्रूही त्यांना भोवले. तो निकाल फिरायला पंधराएक वर्षं लागली.

याच पदार्थाने रसायनशास्त्रात मात्र चोख काम केलं. एकट्या इलेक्ट्रोडचं विभव मोजता येत नाही, त्याला तुलनेसाठी दुसरा स्थिर इलेक्ट्रोड लागतो. पारा, कॅलोमेल आणि पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण एकत्र आणलं की असा इलेक्ट्रोड तयार होतो. 25 अंश सेल्सियसला त्याचं विभव सुमारे 0.241 व्होल्ट असतं आणि ते ढळत नाही. पीएच मोजणाऱ्या असंख्य उपकरणांनी वर्षानुवर्षं याच्याशी ताडून आकडे दिले. वैद्यकात नेमकं हेच नव्हतं. औषध न घेतलेल्या रोग्यांचं काय झालं, हे शेजारी ठेवून पाहण्याची शिस्त नव्हती. नुसता परिणाम दिसत होता आणि तोच पुरावा धरला जात होता.

याची सगळ्यात जबर किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात दात येणाऱ्या बाळांना कॅलोमेलची पूड सर्रास दिली जाई. काही मुलांचे हातपाय गुलाबी होत, कातडी सोलवटे, उजेड सोसेना, किरकिर थांबेना. या ‘पिंक डिसीज’मागे जंतू असतील किंवा जीवनसत्त्वांची उणीव असेल, असे तर्क चालले होते. पूड घेणाऱ्या शेकडो मुलांत एखादंच आजारी पडे, म्हणून तिच्यावर संशय जाईना. किरकिर वाढली तर दातांमुळेच वाढली असं समजून घरचे आणखी पूड देत. 1945 च्या सुमारास सिनसिनाटीत जोसेफ वार्कनी आणि डोनाल्ड हबर्ड यांनी अशा मुलाच्या लघवीत पारा शोधला. 1954 मध्ये ब्रिटिश उत्पादकांनी पुडीतून कॅलोमेल काढलं आणि काही वर्षांत तो आजारच दिसेनासा झाला.

आपल्याकडेही बाळाच्या दातांसाठी, पोटासाठी कुणाकुणाकडून पुड्या आणल्या जातात, आणि त्या प्रेमापोटीच आणल्या जातात. ज्या पुडीवर आत काय आहे ते छापलेलं नाही, ती बाळाच्या तोंडात घालू नका. देणारा कितीही जवळचा असला तरी आधी विचारा.