टोचणी कुठून येते?

मूल खोटे बोलले की आपल्या घरांत म्हटले जाते, "ऐसा मत कर, गुनाह मिलेगा." शेजारच्या हिंदू घरात हेच "पाप लागेल" या शब्दांत सांगतात. दोन्हीकडे पाप बाहेरून येते. कुणी ते देतो, किंवा ते चिकटते. पण चूक केल्यावर मन खात राहते, झोप लागत नाही, ती टोचणी बाहेरची नसते. ती आत कुठून आली?

बी.एड.च्या अभ्यासात सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) दोन-चार पानांत उरकला जातो. वास्तविक त्याचे म्हणणे प्रत्येक शिक्षकाला अस्वस्थ करणारे आहे. पराहम्‌ची कल्पना त्याने १९२३ मध्ये मांडली आणि १९३० मध्ये अपराधभावाच्या संदर्भात ती विस्ताराने सांगितली. मूल आधी बापाच्या शिक्षेला आणि त्याचे प्रेम गमावण्याला भिते. पुढे तो रागावणारा बाप मुलाच्या मनातच राहायला येतो. मग कुणी पाहत नसले तरी भीती वाटते, कारण पाहणारा आतच असतो. १९१३ च्या 'टोटेम अँड टॅबू' या ग्रंथात तर त्याने साऱ्या मानवजातीची कहाणी सांगितली: आदिम टोळीतील मुलांनी मिळून बापाला ठार केले आणि त्या पस्ताव्यातून धर्म व नीती जन्मली. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी १९२० मध्येच या कहाणीवर कठोर आक्षेप घेतले होते. इतिहास म्हणून ती टिकत नाही.

आता धर्मग्रंथांतील पहिला खून पाहा. बायबल आणि कुरआन या दोन्हींत तो बापाचा नाही, भावाचा आहे. सूरह माइदामध्ये (आयत २७ ते ३१) काबील हाबीलला मारतो. प्रेताचे काय करावे हे त्याला कळत नाही. अल्लाह एक कावळा पाठवतो, तो जमीन उकरून दाखवतो, आणि काबील पस्तावतो. हा पस्तावा कुरआन भावाच्या उघड्या प्रेतापाशी दाखवते. भाऊ बरोबरीचा असतो. मेलेला भाऊ शिक्षाही करू शकत नाही. तरी टोचणी लागतेच. अपराधभावाचे एक मूळ वरच्याच्या भीतीत असेल, तर दुसरे मूळ आपण दुखावलेल्या माणसाशी असलेल्या नात्यात आहे.

फ्रॉइडच्याच परंपरेतील मेलानी क्लाइन या विदुषीने १९३७ मध्ये जवळपास हेच सांगितले. ज्याच्यावर प्रेम आहे त्यालाच आपण इजा केली, या जाणिवेतून मुलाला अपराधी वाटते आणि भरपाईची इच्छा होते. मराठी वाचकाला यासाठी दूर जायला नको. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त (१९३५) आई सांगते ते असे: पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसा मनालाही जप. आपले ओचे पसरून मग ती हे सांगते. श्यामच्या मनात राहायला आली ती अशी आई.

नंदाखालसारख्या ख्रिस्ती वस्तीच्या गावात राहताना आणखी एक फरक लक्षात येतो. याच गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले. त्यातली आदमची कथा आपल्याला ओळखीची वाटते. पण संत ऑगस्टीनच्या काळापासून पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आदमचे पाप वारशाने सर्वांकडे येते. कुरआनमध्ये आदम आणि हव्वा दोघे मिळून माफी मागतात आणि अल्लाह तौबा कबूल करतो. कुणी दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे तेथे पुनःपुन्हा बजावले आहे. वारसा पापाचा नाही. पण स्वतःला दोष देणारे मन, 'नफ्स-ए-लव्वामा', माणसाजवळ आहे. सूरह कियामहमध्ये अल्लाहने त्याची शपथ घेतली आहे.

मात्र केवळ पस्तावा म्हणजे तौबा नव्हे. काबीलही पस्तावला होता. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी तौबेचे तीन भाग सांगितले: जाणीव, नदामत आणि अमल. शिवाय 'हुकूकुल इबाद', म्हणजे माणसांचे हक्क, बुडवले असतील तर ज्याचा हक्क त्याला तो परत करावा लागतो किंवा त्याची माफी मागावी लागते. इथेच आपण कमी पडतो. बहिणीचा वारसाहक्क गिळून हाती तसबीह घेणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. त्याची टोचणी खोटी नसेल. पण ती बहिणीच्या दारापर्यंत पोहोचत नाही. ती जहन्नमच्या भीतीपाशीच थांबते. फ्रॉइडचे वर्णन त्याला तंतोतंत लागू पडते.

म्हणून प्रश्न शेवटी आपल्या मुलांचा आहे. वर्गात एकाने दुसऱ्याची पेन्सिल चोरली, तर "गुनाह मिलेगा" एवढे सांगून मूल घाबरेल. पुढच्या वेळी अधिक सावधपणे चोरी करेल. "बघ, तो रडतोय; त्याची पेन्सिल त्याला दे," असे सांगितले तर त्याची नजर त्या रडणाऱ्या मुलाकडे जाईल. ईश्वराचे भय आपल्या दीनचा भाग आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या भयाने भावाचा चेहरा दिसेनासा होतो, त्याला तकवा म्हणता येणार नाही.