अर्धा तास

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग सोडून उमरग्याकडे निघालं की जळकोट लागतं. गाव तुळजापूर तालुक्यातलं, जिल्हा धाराशिव. तिथल्या एका मुलीला वर्दी हवी होती. डॉक्टर तर व्हायचंच, पण खांद्यावर तारे असलेली डॉक्टर. नीटच्या तयारीसाठी ती लातूरला राहायची. खोलीच्या भिंतीवर लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकरांचा फोटो होता. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्या एवढ्या मोठ्या हुद्द्यावर पोचल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. ते महाविद्यालय १९४८ सालचं, तिथं शिकलं की सैन्यात सेवा द्यावी लागते, हे सगळं तिला तोंडपाठ होतं.

तिचे आबा सैन्याच्या वैद्यकीय कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पण त्यांच्या नोकरीच्या गोष्टी ऐकून तिचा हिरमोड व्हायचा. त्यांची सारी उमर स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशनमध्ये गेली. छावणीचं पाणी तपासायचं, साचलेल्या डबक्यांत डासांच्या अळ्या शोधायच्या, लंगरच्या भांड्यांवर माशी बसते का बघायचं.

"आबा, अमेरिकेत आरोग्य खात्यातल्या डॉक्टरांनासुद्धा नौदलासारखी वर्दी असते. १८८९ चा कायदा आहे त्यांचा. बंदूक हातात घेत नाहीत, साथीशी लढतात," ती एकदा म्हणाली.

"मग आम्ही काय करत होतो?" आबांनी विचारलं. त्यावर ती हसली, तेवढंच.

वैशाखात भावकीत लग्न निघालं. विहिरी तळाला गेलेल्या, म्हणून पाच हजार लिटरचा टँकर मागवलेला. मुहूर्त टळून गेला होता, अक्षता उशिरा पडल्या, आणि पंगत बसली तेव्हा ऊन माथ्यावरून कलायला लागलं होतं. तेवढ्यात आरोग्यसेवक आला. पंचविशीतलं पोरगं, पाठीला सॅक, अंगावर साधा शर्ट. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. त्यानं टँकरच्या तोटीचं पाणी नळीत घेतलं, क्लोरीन तपासायच्या ओटीचे थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पाणी पिवळं व्हायला हवं होतं. नितळच राहिलं.

"क्लोरीन नाही ह्यात. टीसीएल पावडर टाकतो. अर्धा तास कुणाला पाणी वाढू नका," तो म्हणाला.

यजमान भडकले. "पंगत बसलीय रे बाबा! पाहुणे काय कोरडा घास गिळतील? हेच पाणी सकाळपासून पितोय आम्ही, काय झालं कुणाला?"

"अर्धा तासच, काका."

"तू कोण सांगणारा?"

ह्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेवकाला हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. त्याच्या हातात असते ओटीची बाटली आणि एक नोंदवही. गावाचं पाणी कसं राखलंय त्यावरून ग्रामपंचायतीला एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, पण भर लग्नात त्या कार्डाला कोण भितंय? पोरगं खाली मान घालून उभं राहिलं, मात्र तोटीवरचा हात त्यानं काढला नाही.

मुलीनं आबांकडे पाहिलं. सुभेदारसाहेबांनी एक शब्द टाकला असता तर मांडवातला गलका तिथल्या तिथं थांबला असता. आबा पंगतीतून उठले. सरळ टँकरपाशी गेले, बाह्या वर केल्या आणि त्या पोराला म्हणाले, "सर, पाच हजार लिटरला पंचवीस ग्रॅम धरू ना?"

पोरगं गोंधळलं. "हो... हो, आजोबा."

आबांनी बादलीत पावडर घेतली, थोड्या पाण्यात कालवून तिची पेस्ट केली, मग पाणी वाढवलं. चुना खाली बसू दिला आणि वरचं निवळ तेवढं टँकरात ओतलं. "सर, घड्याळ लावा," म्हणाले आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन बसले. सुभेदारसाहेब जेवण सोडून बसलेत म्हटल्यावर वाढप्यांनी जग खाली ठेवले. कुरकुर चालूच होती. अर्ध्या तासानं नळीतलं पाणी पिवळं झालं, पंगत पुन्हा बसली. त्यानंतर ना कुणाला उलटी झाली, ना कुणाला जुलाब. दुसऱ्या दिवशी गावात बोलणं निघालं ते एवढंच, की पाण्याला वास येत होता.

"पण आबा," घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "टाकलं नसतं तर काही झालंच असतं, हे कशावरून?"

"कळायला मार्गच नाही. कळलं, तर समजायचं आपण उशिरा पोचलो."

मग तिनं मनातला प्रश्न विचारला. त्याला सर कशाला म्हणायचं? तुम्ही सुभेदार, तो काल नोकरीला लागलेला.

आबा थोडा वेळ बोलले नाहीत. "पलटणीत आमच्या मेजरसाहेबांनी पाणी नापास केलं की कर्नलसाहेबसुद्धा ते तोंडाला लावत नसत. ते वर्दीचं वजन. म्हणून आमचं काम सोपं होतं. ह्या पोराचं काम तेच, पण वजन नाही. मी थोडं उसनं दिलं." जरा थांबून म्हणाले, "किल्लारी-सास्तूरला भूकंप झाला, त्र्याण्णव साली, तीस सप्टेंबरला. ढिगाऱ्यातून माणसं काढणाऱ्या जवानांचे फोटो पेपरात आले. यायलाच पाहिजे होते. पण हजारो लोक उघड्यावर, वर पाऊस, टँकरच्या पाण्याचा भरवसा. त्या टँकरात पावडर टाकणाऱ्याचा फोटो कोण काढणार? तुला वर्दी पाहिजे ना? घे. माझी ना नाही. फक्त ती कुणासाठी वापरणार, तेवढं ठरवून घे."

मुलीनं भिंतीवरचा फोटो काढला नाही. नीटचा अभ्यासही तसाच चालू राहिला. पण जळकोटला आली की सकाळी ती त्या आरोग्यसेवकाबरोबर पाण्याच्या टाकीवर जायला लागली. ओटीचे थेंब टाकल्या टाकल्या रंग बघायचा, उशीर केला तर फसगत होते, हे तिला त्यानं शिकवलं. रासायनिक क्रिया तिला पुस्तकातून येत होती. टाकीवरच्या माणसाला न दुखावता "आज परत टाकावं लागेल" असं सांगायचं कसं, ते मात्र पुस्तकात नव्हतं. त्यासाठी ती बरेच दिवस चाचपडत राहिली.

पुढच्या मोसमात दुसऱ्या वाड्यात लग्न होतं. पुन्हा टँकर, पुन्हा बसलेली पंगत, पुन्हा तोच वाद. आरोग्यसेवक त्या दिवशी दुसऱ्या गावी लसीकरणाला गेला होता. वरबाप तावातावानं तोटीकडे आला आणि म्हणाला, "तू कोण गं सांगणारी?"

"सुभेदारांची नात," असं म्हणणं तिला सोपं होतं. ती बादलीतली पावडर ढवळत राहिली. "काका, तुम्ही माझ्याजवळ बसा. नळीत पाणी पिवळं झालेलं आधी तुम्हीच बघा, मगच वाढायला सांगा. अर्धा तास. घड्याळ लावलंय मी."