साधेपणा कोणाच्या सोयीचा?

साधेपणाची थोरवी सर्वच गातात. तो कोणाच्या सोयीचा, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. तेलविहिरींत निरनिराळ्या थरांतील तेल, वायु व खारें पाणी एकमेकांत मिसळूं नये म्हणून नळी आणि खडक यांमधील फटींत अडसर घालावा लागतो. कांहीं अडसरांना पाचरी व दट्ट्ये लागतात. उलट, तेलाच्या वा पाण्याच्या स्पर्शानें आपोआप फुगून फट बुजविणारें रबरही निघालें आहे. (फुगावयास दिवस लागतात, ही त्याची खोड!) हा साधेपणा आम्हांस वंद्य वाटतो, बिघडण्याजोगें जें होतें तेंच त्यानें काढून टाकिलें.

परंतु मेक्सिकोच्या आखातांतील मकाँडो विहिरीचें पाहा. नळी मधोमध राहून सिमेंट सभोंवार सारखें भरावें म्हणून २१ कडीं हवींत, असा हिशेब निघाला होता, बी.पी. कंपनीनें ६ च घातलीं. उरलेलीं बसविण्यास १० तास लागतील, असें एका अधिकाऱ्यानें लिहिलें होतें. सिमेंटची पारख करावयास आलेलीं माणसेंही तशींच परत पाठविलीं. २० एप्रिल २०१० रोजीं स्फोट होऊन ११ जण गेले. कडीं कमी पडलीं म्हणूनच तें घडलें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्याविषयीं तज्ज्ञांतही मतभेद आहेत. पण वेळ वांचणार होता तो कंपनीचा, आणि धोका होता तो फलाटावर राबणाऱ्यांचा. त्यांपैकीं कितीजणांस ही वजाबाकी ठाऊक तरी होती?